डाग टेबलाचा

भादव्यातलं ऊन चढायला लागलं की माझं डोकं फिरतं. घरातल्यांना हे माहीत आहे. बायको त्या दिवसांत माझ्याशी कामापुरतं बोलते, मुलगी टीव्हीचा आवाज कमी ठेवते. बाहेरच्यांना वाटतं, उकाड्याने होत असेल. उकाडा असतोच. पाऊस मागे सरलेला, तापीवरून येणारी हवा ओली आणि जड, सकाळी आठलाच शर्ट पाठीला चिकटलेला. पण उकाड्याने माणूस नुसता चिडचिडतो. असा पेटत नाही.

सुरतेत या दिवसांना वेगळं नाव आहे. राखी झाली की दिवाळीपर्यंत जे काही असतं त्याला इथे 'सीझन' म्हणतात. चहावाला म्हणतो, रिक्षावाला म्हणतो, देवळातला पुजारीसुद्धा म्हणतो. पर्वत पाटियाच्या चौकात टेम्पो एकमेकांच्या अंगावर चढतात, साड्यांचे गठ्ठे डोक्यावर घेऊन माणसं धावतात, आणि माझ्या नाकात तीस वर्षांपूर्वीचा घासलेटाचा वास शिरतो.

यंदा त्यात भर पडली. मी ज्या पॅकिंगच्या कारखान्यात सुपरवायझर आहे, तिथल्या शेठच्या मुलाने आमच्यासाठी अहमदाबादहून ट्रेनर बोलावला. कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात माइक. त्याने आम्हा पन्नाशीच्या माणसांना गोलात उभं करून एकमेकांकडे चेंडू फेकायला लावले. कागदी ग्लासांचा मनोरा रचायला लावला. ज्यांचा मनोरा उंच त्यांना टाळ्या. मग माझ्यापाशी येऊन म्हणाला, "अंकल, आप सबसे सीनियर हो. बताइए, आपकी लाइफ की बेस्ट टीम कौन-सी थी?"

"याद नहीं," मी म्हणालो.

खोटं होतं. ती टीम मला इतकी आठवते, की डोळे मिटून चौघांच्या पावलांचे आवाज वेगवेगळे ओळखून दाखवीन. फक्त आम्ही तिला टीम म्हणत नव्हतो. टेबल म्हणायचो. टेबल नंबर चार.

प्लेगच्या वर्षी सुरत सोडून पळालेली माणसं पुढच्या वर्षी परतली, पण सगळी परतली नाहीत. बमरोलीतल्या छपाईच्या मिलांना माणसं कमी पडत होती. मी अमळनेरकडचा, बारावीला दोनदा आपटलेला, लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. डिंडोलीत एका खोलीत बिऱ्हाड. कापडातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. तरी मिलच्या दारावरच्या माणसाने नाव लिहून घेतलं आणि सांगितलं, "चार नंबरवर जा. देवराम नानांना भेट."

आता तशी टेबलं राहिली नाहीत, यंत्रं आली, म्हणून सांगतो. एका ओळीत दहा साड्या अंथरता येतील एवढं लांब टेबल. त्यावर कोरं कापड ताणून चिकटवलेलं. एका रंगाला एक स्क्रीन, म्हणजे लाकडी चौकटीवर ताणलेली बारीक जाळी, तिच्यात नक्षी. टेबलाच्या दोन बाजूंना दोन माणसं उभी. चौकट उचलायची, कडेच्या लोखंडी खुंटीला बरोबर टेकवून ठेवायची, जाळीत रंग, आणि मग रबराच्या पट्टीने तो दाबत न्यायचा. मी माझ्या बाजूने मधोमध ढकलायचा, तिथून समोरच्याने स्वतःकडे ओढून घ्यायचा. मग उचला, पुढची खुंटी. पहिली जोडी रेघा छापत जाते, मागून दुसरी जोडी त्या रेघांत रंग भरत येते. पुढचे फार पुढे गेले तर मागचे ताटकळतात. मागचे घाईने आले तर ओल्या रेघेवर चौकट पडते आणि सगळं फराटतं. टेबलाखालून वाफेचे पाइप गेलेले, रंग लवकर वाळावा म्हणून. वर पत्र्याचं छप्पर, खाली वाफ, बाहेर भादवा. चौकटी पुसायला घासलेट. आंघोळ करूनही तो वास जायचा नाही. माझी बायको पहिला महिनाभर माझ्याकडे पाठ करून झोपली.

पहिली जोडी देवराम नाना आणि लक्ष्मण. नाना पारोळ्याकडचे, पन्नाशीला टेकलेले, अंगाने काटकुळे. लक्ष्मण अकोल्याचा, दांडगा, बोलायला लागला की थांबायचा नाही. दुसऱ्या जोडीत मी, आणि माझ्या समोर भिका.

भिका साक्री तालुक्यातला. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. दिवसाचे दहा तास मी त्याच्या तोंडाकडे बघत उभा असायचो, त्यामुळे त्याचा चेहरा मला बायकोच्या चेहऱ्याहून जास्त पाठ होता. डाव्या भुवईत खाच होती. पट्टी ओढताना खालचा ओठ दातांत धरायचा. हसू यायच्या आधी त्याचं नाक हलायचं.

पहिल्या दिवशी मी जोर लावून पट्टी ढकलली आणि रंग जाळीबाहेर फुटला. सगळ्यांसमोर, नव्या कोऱ्या कापडावर, तळहाताएवढा लाल डाग. मी घाबरून भिकाकडे पाहिलं. तो म्हणाला, "काबरं घाई करस? माले फेकू नको रंग. माले दे." मला फेकू नको, मला दे. एवढंच. छपाईतलं सगळं शिक्षण एवढंच होतं, बाकीचं हाताला सवय.

तेवढ्यात मुकादम आला. "किसका दाग है?"

नाना मागे वळूनही न बघता म्हणाले, "टेबल का."

"टेबल का मतलब?"

"मतलब चार नंबर का. लिखना है तो चार नंबर लिखो."

मुकादम पुटपुटत गेला. दुपारच्या सुट्टीत भाकरी खाताना नाना मला म्हणाले, "बारावी, ध्यानात ठेव. आपल्याकडे डाग कुणाचा हे विचारायचं नाही. डाग टेबलाचा." त्या दिवसापासून माझं नाव 'बारावी' पडलं. आणि ते वाक्य मला इतकं आवडलं, की घरी येऊन बायकोला सांगितलं. तिला काय कळणार, पण ती म्हणाली, "बरं आहे मग."

बरंच होतं. हे मला कबूल करावं लागतं आणि त्याचाच जास्त राग येतो. वाईट माणसांबरोबर काढलेले वाईट दिवस विसरता येतात. ते दिवस चांगले होते. महिना-दीड महिन्यात माझं शरीर त्या चालीत बसलं. नाना चौकट उचलताना घशातल्या घशात 'हं' म्हणायचे. मोठ्याने नाही. पण त्या 'हं'वर लक्ष्मणची चौकट उठायची, आणि मागोमाग आमची. आठ हात, आठ पाय, एक श्वास. नाना सांगायचे, "पुढे किती राहिलं ते बघायचं नसतं. समोर बघायचं." कुणाला ताप असला की चाल आपोआप मंद व्हायची, कुणी सांगावं लागायचं नाही. लक्ष्मणची आई गेल्याची चिठ्ठी आली त्या दिवशी तो टेबलावर होता. नानांनी चिठ्ठी वाचली, खिशात ठेवली, ती ओळ पूर्ण करून घेतली आणि मग त्याला बाहेर नेलं. तिघांनी मिळून टेबल चालवलं पुढचे तीन दिवस, त्याची गैरहजेरी लागू नये म्हणून. नाना एका बाजूने पट्टी ढकलून, टेबलाखालून वाकत पलीकडे जाऊन, तिकडून ओढून घ्यायचे. पन्नाशीचा माणूस. मला वाटायचं, याच्यासाठी जीव टाकावा.

श्रावणात भिकाच्या खोलीवर कानबाई, आमची खान्देशची देवी, बसली. डिंडोलीतली सगळी खान्देशी माणसं त्या रविवारी आपापल्या भाऊबंदांत असतात, पण भिकाने टेबलाला बोलावलं होतं. लक्ष्मण म्हणाला, "आमच्याकडं हे काय नसते, मले चालते का?" भिकाची बायको, इंदूवहिनी, प्रसादाचे रोट वाढता वाढता म्हणाली, "टेबलावर आठ हात लागतात म्हणता, मग इथे सहाच कसे चालतील?" खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. आम्ही चौघं भिंतीला टेकून एका ओळीत जेवलो. वहिनी माझ्या बायकोला सांगत होती, "तुमच्याविषयी हे इतकं बोलतात, मला वाटलं भाऊच आहे धाकटा." भिकाचं नाक हललं.

त्याच आठवड्यात मिलमध्ये फळा लागला.

मॅनेजर नवा आला होता. चांगलं बोलायचा, हे आधी सांगतो. शिव्या देत नसे. गळ्यात हात टाकायचा. त्याने सगळ्या टेबलांना गोळा करून सांगितलं, की आता आपण मजूर नाही, परिवार आहोत. आणि परिवारातल्या सगळ्यांत चांगल्या टेबलाचं नाव रोज फळ्यावर वर लिहिलं जाईल. दिवाळीला त्या टेबलाचा सगळ्यांसमोर सत्कार. दुसऱ्या दिवशी फळ्यावर सगळ्यांत वर चार नंबर. तिसऱ्या दिवशीही.

आम्हांला ते आवडलं. मी मॅनेजरला दोष देऊन मोकळा होणार नाही. सकाळी आल्याबरोबर आम्ही चौघं आधी फळा बघायचो. शेजारच्या पाच नंबरला चौकट पुसायला घासलेट लागलं तर पूर्वी आमचा डबा पुढे करायचो, आता पायाने मागे सरकवायला लागलो. पाच नंबरने एकदा आम्हांला मागे टाकलं, त्या दिवशी लक्ष्मण जेवला नाही. नानांचा 'हं' आखूड झाला. ताप असलेल्या माणसासाठी चाल मंद करायचं बंद झालं. मला सर्दी झाली होती, मी शिंकायला थांबलो, तर नाना पुढून म्हणाले, "बारावी, घरी शिंक." भिका माझ्याकडे बघत होता. त्याने पट्टी थोडी जास्त स्वतःकडे ओढून घेतली, माझा वाटा कमी व्हावा म्हणून.

माझ्या बाजूला टेबलाखालच्या पाइपाचा सांधा होता. तिथून वाफ फुसफुसायची. पायाला चटका बसायचा. भिकाने त्यावर गोणपाट गुंडाळलं आणि मॅनेजरला सांगितलं. एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा मी सोबत होतो. मॅनेजरने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "दिवाळी पछी बधुं नवुं करी नाखीशुं, भाई. हमणां सीझन छे." दिवाळीनंतर सगळं नवं करू. आत्ता सीझन आहे.

मग एका सकाळी मीच भिकाला म्हणालो, "माझ्या पायाची सालं निघतायत." तो लगेच म्हणाला, "तू इकडे ये. मन्ही कातडी जाड शे." माझी कातडी जाड आहे. आम्ही बाजू बदलल्या. नाना किंवा मुकादमाला विचारावं लागलं नाही, इतकी साधी गोष्ट होती ती.

गणपती बसून दोन-तीन दिवस झाले होते. सकाळी अकराची वेळ. रंग वाळत नव्हता, हवाच ओली होती. मॅनेजर आला, घड्याळ बघितलं. "नाना, पांच नंबर आगे जा रहा है. थोडा स्टीम बढ़ाओ."

नानांनी एकदा टेबलाखाली पाहिलं. त्यांना गोणपाट दिसलं. मी त्यांना ते बघताना पाहिलं. मग ते भिंतीपाशी गेले आणि वाफेचा कॉक फिरवला. परत येऊन 'हं' म्हणाले. चौकटी उठल्या. दुसरी ओळ सुरू झाली, आणि सांधा सुटला.

आवाज फार मोठा नव्हता. कापडाचा मोठा तागा फाडावा तसा. पांढरी वाफ टेबलाच्या पलीकडून उठली आणि त्यात भिका दिसेनासा झाला. पट्टीचं माझं टोक माझ्या हातात, त्याचं टोक सुटलेलं. तो ओरडला कसा नाही, हे मला कधी उमगलं नाही. वाफेतून बाहेर आला तेव्हा उजवा हात अंगापासून लांब धरून होता, कुणा दुसऱ्याचा हात धरावा तसा. मान आणि कूस लाल. माझ्याकडे बघून त्याने विचारलं, "तुले लागनं का?" तुला लागलं का?

लक्ष्मण धावत कॉक बंद करायला गेला. नाना जागेवरच उभे होते.

भिकाला सरकारी दवाखान्यात ठेवलं. दुसऱ्या दिवशी मॅनेजरने आम्हा तिघांना आत बोलावलं. खुर्च्या दिल्या. म्हणाला, उद्या सरकारी साहेब चौकशीला येणार. पाइपचं निघालं तर मिलला सील लागेल. ऐन सीझनमध्ये. दोनशे घरांची दिवाळी. "भिका पण आपलाच आहे, त्याचं आपण नंतर बघू. पण कॉक कोणी फिरवला, हा प्रश्न येणार." एवढं बोलून त्याने नानांकडे पाहिलं आणि बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, त्या दिवशी भिका पिऊन आला होता, त्याने नशेत कॉक फिरवला, असं काही तुम्ही पाहिलं असेल तर साहेबांना सांगा.

गुजरातमध्ये माणसाला दारुडा म्हणणं म्हणजे नुसती बदनामी नाही, गुन्हा. हे तिथल्या चौघांनाही माहीत होतं.

बाहेर आल्यावर लक्ष्मण म्हणाला, "म्या नाय सांगनार. भिकानं चहा बिगर काय पेलं नाय कधी."

नाना पुढे चालू लागले. डिंडोलीपर्यंत आम्ही रेल्वेच्या कडेने चालत आलो. माझ्या तोंडाशी शब्द होते. आपण पाहिलंय नाना, कॉक तुम्ही फिरवलात, मॅनेजरच्या सांगण्यावरून फिरवलात, तसंच सांगा. डाग टेबलाचा म्हणा, चौघांच्या नावावर लिहा म्हणा. मी बोललो नाही. मला वाटलं, नाना मोठे आहेत, उद्या ते बरोबर तेच करतील. माणसाला स्वतःला काही करायचं नसलं की तो दुसऱ्याच्या मोठेपणावर विश्वास ठेवतो.

सरकारी साहेब चष्म्यातले, थकलेले होते. त्यांनी तिघांना एकदमच आत घेतलं. विचारलं, "कॉक कोणी फिरवला?"

पंखा फिरत होता. नाना म्हणाले, "भिकाने."

"तो शुद्धीत होता?"

"नाही साहेब. वास येत होता."

मग साहेबांनी लक्ष्मणकडे पाहिलं. लक्ष्मण म्हणाला, "वास येत होता." मग माझ्याकडे. मी म्हणालो, "वास येत होता." कुणी अडखळलं नाही. कुणाचा शब्द पुढे गेला नाही, कुणाचा मागे राहिला नाही. पहिल्याने रेघ मारली, दुसऱ्याने ओढून घेतली, मी रंग भरला. इतकं सफाईदार काम आम्ही टेबलावरही कधी केलं नव्हतं. साहेबांनी एकदा मान वर करून आमच्याकडे पाहिलं, मग सही करायला कागद पुढे केला. वास तर आम्हा सगळ्यांच्याच अंगाला येत होता. घासलेटाचा. त्या खोलीत दारू कुणाला ओळखू आली असती?

म्हणून तो ग्लासांचा मनोरा रचायला लावणारा पोरगा जेव्हा म्हणाला, की चांगली टीम म्हणजे जिथे सगळे एका आवाजात बोलतात, तेव्हा मला उठून त्याचा माइक काढून घ्यावासा वाटला. एका आवाजात बोलणं सोपं असतं रे बाबा. मी बोललोय. एका आवाजात बोलायला फक्त पहिला माणूस लागतो. बाकीच्यांना स्वतःचा आवाजच लागत नाही. तू आम्हांला हे शिकव, की पहिला माणूस चुकीचं बोलला की दुसऱ्याने घसा कसा खाकरायचा. त्याचा काही खेळ आहे का तुझ्याकडे? त्यासाठी कुठले चेंडू आणलेस?

भिकाला कामावरून काढलं. दारूची केस झाली. भरपाईचा विषयच संपला. मी दवाखान्यात गेलो नाही. एकदा निघालो होतो, फाटकापर्यंत गेलो, आत इंदूवहिनी डबा घेऊन जाताना पाठमोरी दिसली आणि परत फिरलो. दिवाळीच्या आधीच त्यांनी खोली सोडली आणि गावी गेले. त्यांचं सामान हातगाडीवर चढवलं जात होतं तेव्हा मी मिलमध्ये होतो. भिकाच्या जागी दुसरा माणूस आला होता, चांगला होता, त्याला मी महिनाभर नाव विचारलं नाही. दिवाळीला आमचा सत्कार झाला. चार नंबर, सगळ्यांत वर. मॅनेजरने आम्हांला टाळ्यांत पुढे बोलावलं. लक्ष्मण गेला नाही. तो आदल्याच दिवशी अकोल्याला निघून गेला होता, कुणाला न सांगता, आणि परत आला नाही. नाना पुढे गेले. मीही गेलो.

पुढे दोन वर्षांनी नाना वारले, डिंडोलीतच. मला वाटलं होतं, जाणार नाही. गेलो. तिरडीला खांदा द्यायला पुढे झालो. चार जण होतो, चारही वेगवेगळ्या टेबलांवरचे, आणि दहा पावलांत आमची पावलं जुळली. कुणी काही म्हटलं नव्हतं. रस्त्यात मला इतका संताप आला, की खांदा सोडून द्यावा असं वाटलं. हे शरीर कुणाच्याही बरोबर जुळतं. चांगल्याबरोबर जुळतं, मेलेल्याबरोबर जुळतं, खोट्याबरोबर तर सगळ्यांत लवकर जुळतं. नानांनी मला जे शिकवलं त्याच्याएवढं सुंदर मला पुढे कुणी शिकवलं नाही, आणि तेच त्यांनी माझ्याकडून वापरून घेतलं. एका माणसाबद्दल हे दोन्ही मनात ठेवायचं कसं, ते मला अजून जमलेलं नाही. मी खांदा सोडला नाही, हेही सांगतो.

भिकाला मी भेटलो ते नानांच्या नंतर वर्षभराने. मेव्हणीचं लग्न साक्रीजवळ होतं. हळदीच्या दिवशी दुपारी मी सायकल मागून घेतली आणि विचारत विचारत त्याच्या गावी गेलो. तीन वर्षं मी एक वाक्य घोळवत होतो. भिकाभाऊ, मी खोटं बोललो, माझ्या अंगावर यायचं ते तुझ्यावर आलं, आणि मी खोटं बोललो.

भिका शेतात गेला होता. इंदूवहिनी ओट्यावर मिरच्या निवडत होती. मला बघून ती उठली, पदर नीट केला. मला वाटलं, आता शिव्या देईल. मी त्यासाठीच आलो होतो. तिने पाणी आणून दिलं. मग जरा लांब बसून हळूच म्हणाली, "तुम्हांला फार मारलं का हो, भाऊ?"

मला कळलंच नाही. "कोणी?"

"पोलिसांनी. नाहीतर मिलवाल्यांनी. त्याशिवाय तुम्ही तिघं तसं बोलला नसता. आमचे हे पहिल्या दिवसापासून सांगतात. म्हणतात, नानांसारखा माणूस, बारावीसारखा पोरगा, कातडी सोलल्याशिवाय माझ्या विरोधात तोंड उघडणार नाहीत."

ओट्यावर ऊन होतं. मिरच्यांचा ठसका घशात बसला होता. मी म्हणालो, "वहिनी, आम्हांला कोणी हात लावला नाही."

ती बघत राहिली.

"कोणी ओरडलंही नाही. खुर्च्या दिल्या होत्या बसायला. विचारलं, आणि आम्ही सांगितलं."

तिने सूप उचललं, परत खाली ठेवलं. तिच्या तोंडावर राग आला, मी वाट बघत होतो तो राग, आणि तो तिने माझ्यासमोर गिळला. मी डोळ्यांनी पाहिलं तिला गिळताना. मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "हे त्यांना सांगू नका."

"मी तेच सांगायला आलोय, वहिनी."

"तुमचं मन हलकं होईल. माझ्या घरात काय राहील?" तिचा आवाज चढला नाही. "हात गेला. नाव गेलं. गावात लोक दारुडा म्हणतात. तुमच्यावरचा विश्वास तेवढा राहिलाय त्यांच्यापाशी. रोज सांगतात कुणाला ना कुणाला, मन्हा टेबलना माणसे असा होता म्हणून. तो घेऊन जायला आलात का तुम्ही?"

मी काही बोलायच्या आत भिका आला. वाळला होता. उजवा हात कोपरात वाकून अंगाशी चिकटलेला, बोटं मिटलेली. मला ओळखायला त्याला एक क्षण लागला, मग त्याचं नाक हललं. तो जवळ येऊन ओट्यावर बसला, माझ्या इतका शेजारी की गुडघ्याला गुडघा लागला. इतके महिने आम्ही समोरासमोर उभे राहिलो होतो, शेजारी कधी बसलो नव्हतो. त्याने नानांचं विचारलं. गेल्याचं मी सांगितलं. त्याने मान खाली घातली. मग विचारलं, "नानाले जास्त मारं व्हई ना रे त्यास्नी? म्हातारा माणूस."

वहिनी सूप घेऊन तशीच उभी होती.

मी म्हणालो, "हो."

"आणि तुले?"

"मलाही."

भिकाने डावा हात उचलला आणि माझ्या पाठीवरून फिरवला. हळूहळू, शर्टावरून, खांद्यापासून कमरेपर्यंत, जिथे वळ उठले असतील असं त्याला वाटलं तिथे तिथे. "जाऊ दे," तो म्हणत होता, "जाऊ दे आते." मी ताठ बसून राहिलो आणि त्याला फिरवू दिला.